लोडर मी चालवत नाही, साहेब : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी पहाटे तुमच्या खात्याच्या पथकानं माझी कोळशाची गाडी वजनकाट्यावर चढवली. वजन भरलं साडेचौतीस टन. दहा चाकी गाडीला मुभा, गाडी आणि माल मिळून, साडेअठ्ठावीसची. 2018 मध्ये ती 25 वरून वाढवली, हे आम्हाला पोरांच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ आहे. सहा टन जास्त. मूळ दंड 20 हजार, वर टनामागे 2 हजार, झाले 32 हजार. पथकातल्या साहेबांनी हिशेब तोंडी केला, कौतुक वाटलं. मालकानं तो दंड माझ्या पगाराच्या हिशेबातून महिना 4 हजारांनी वळता करायला घेतलाय.

आता गाडी भरते कशी ते ऐका. मी रायगडात अंबा नदीकाठच्या एका जेट्टीवरून कोळसा वाहतो. जेट्टीचं नाव लिहीत नाही, उद्या गेटपास बंद व्हायचा. मोठं जहाज धरमतरच्या खाडीत शिरत नाही, तेवढं पाणीच नाही. ते मुंबई बंदरात नांगर टाकतं, माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटींत, उतरतो आणि बार्ज भरतीच्या पाण्यावर आत येतात. म्हणून आमचं घड्याळ चंद्राचं. आज भरती रात्री दोनला, उद्या तीनच्या आसपास, परवा पावणेचारला. उधाणाला गाड्या पुरत नाहीत, भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, दोन-दोन दिवस नंबर लागत नाही. पैसे खेपेवर. रांगेत स्टिअरिंगवर डोकं टेकून काढलेल्या रात्रीचे शून्य.

बार्ज लागला की ग्रॅब, म्हणजे क्रेनचा पंजा, मग ढीग, मग बकेटनं गाडी भरणारा लोडर. धूळ बसावी म्हणून ढिगावर पाणी मारतात. ओला कोळसा जड, बकेट मात्र तेवढीच मोजतात. मी एकदा खाली उतरून ‘बास रे बाबा’ म्हणालो. लोडरवाल्यानं हॉर्न दिला, आणखी एक बकेट ओतली आणि मागच्या गाडीला हात केला. पुढं गेटवर काटा होतो, पावती निघते, पावतीवर साडेचौतीस टन छापलेलं असतं. गुन्ह्याचा पुरावा गुन्हा होण्याआधीच हातात, तोही शिक्का मारून! मी नको म्हटलं तर माझ्यामागे चाळीस ड्रायव्हर उभे आहेत.

भाच्याकडून मोटार वाहन कायद्याचं 194 कलम वाचून घेतलं. त्यात नियम मोडून गाडी चालवणारा आहे, तसा चालवायला लावणाराही आहे. तो लावणारा तुमच्या पथकाला कधी दिसला का? आमच्या रांगेत शंभरातल्या नव्वद गाड्या जादा भरलेल्या. मोजल्या नाहीत, पण अकरा वर्षं बघतोय. आणि काही गाड्या पथकाच्या नजरेला पडतच नाहीत. त्या कुणाच्या, हे मी सांगायची गरज आहे का?

मागच्या निवडणुकीत एका पुढाऱ्यानं जेट्टीच्या रस्त्याला ड्रायव्हरांसाठी विश्रांतिगृहाचा नारळ फोडला. संडास, न्हाणीघर, पंखे, सगळं भाषणात झालं. खाली पेव्हर ब्लॉकही आला नाही. बोर्ड तेवढा भक्कम आहे, आम्ही त्याच्याच आडोशाला लघवीला जातो.

कंबर गेलीय. भरल्या मालावर चढून पावसात ताडपत्री बांधताना दोनदा घसरलो, डावा खांदा वर होत नाही. सकाळी खाकरलं की बेसिनमध्ये काळं पडतं. लेक म्हणते, बाबा, तुमची उशी वेगळी ठेवा. बापाची दीड एकर खारजमीन होती. बांधाला खांड पडली, खारं पाणी भातात शिरलं, आणि मी स्टिअरिंग धरलं. हे तुमच्या खात्यात येत नाही, माहीत आहे. तरी लिहितो.

1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा 2025 पर्यंत ड्रायव्हरला दिवसाचे 8 तास सांगत होता. पण पाच कामगार असतील तरच. मग मालक दोन गाड्या स्वतःच्या नावावर ठेवायचा, दोन बायकोच्या, दोन मेव्हण्याच्या. ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. अभिनंदन! माझी गाडी 2014 ची आहे, डाव्या दाराला काचच नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं माझ्याकडे नाही. बरोबर. जेट्टी सागरी मंडळाकडे, मुंबई-गोवा महामार्ग केंद्राकडे (2011 पासून रुंद होतोय, होऊ द्या), धूळ प्रदूषणवाल्यांकडे, माझे तास कामगार खात्याकडे. दिल्लीला विचारलं तर मुंबई दाखवतात, मुंबईत विचारलं तर अलिबाग. चलन मात्र कुणाच्या नावावर फाडायचं, हे कुठल्याही खात्याला विचारावं लागत नाही.

मागणं एकच. जेट्टीच्या गेटवरच तुमचा माणूस बसवा. पावतीवर मर्यादेच्या वर आकडा आला की गाडी तिथंच खाली करायला लावा आणि दंड भरणाऱ्याकडून घ्या. भरणारा म्हणजे माल भरणारा, पैसे भरणारा तर मी आहेच.

आपला,
एक डंपर ड्रायव्हर, पोयनाडकडचा

ता. क. एक हप्ता कापून झाला, सात राहिले. उत्तर देणार असाल तर तेवढ्यात द्या.