पिकअपच्या डिस्क घरीच बदललो, पण तू आधी पिना बघ

सोलापूर

काय लगा दोस्ता,

तू फोनवर म्हणालास ना ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतंय आन पॅडलपण पायाला धडधड मारतंय, सेम माझ्या पिकअपचं झालतं बे. धाराशिवहून माल भरून येताना तुळजापूरचा घाट उतरला की खाली पोचेपर्यंत चाकाजवळ जळका वास यायचा. सगळे म्हणतात डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी थाळी, वाकली. वाकत-बिकत नाही एवढी, बहुतेक वेळा जाडी कुठं कमी कुठं जास्त झालेली असते, मिलिमीटरच्या दोन-तीन शंभरांशाचा फरकसुद्धा पायाला कळतो.

आमच्या इकडचा एक मिस्त्री म्हणाला लेथवर फेस मारून, म्हणजे डिस्क घासून सपाट करून घे, निम्म्यात काम होतंय. पण डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती बघ आधी. माझी त्याच्या जवळ आलती, अजून घासली असती तर पातळ डिस्क लगेच तापणार आन परत तेच. म्हणून नव्या आणलो, दोन्ही बाजूच्या, डिस्कला दोन्हीकडून चिमटणारे पॅडपण नवे. एकाच बाजूची बदलू नको, गाडी ब्रेकला एका अंगाला ओढती.

अंगणात फरशी सपाट आहे म्हणून घरीच केलो, सकाळी लवकर, कारण आपल्या इथलं ऊन तुला माहितीये, नऊनंतर पान्हासुद्धा हातात धरवत नाही. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले कर, मागच्या चाकांना दगड लाव, आन नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नको, घोडी म्हणजे लोखंडी स्टँड लाव. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, काढला की तारेनं वर बांध, ब्रेकच्या पाईपला लोंबकळत सोडायचा नाही.

आता खरी गोष्ट. जुने पॅड काढून शेजारी ठेवून बघितलो तर उजव्या चाकाचा आतला पॅड पार संपलेला आन बाहेरचा निम्मा शिल्लक. म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक जाम झालती, रबर फाटून आत गंज. तो पॅड कायम घासत राहिला, डिस्क तापत राहिली. नुसती डिस्क बदलून आलो असतो तर नवीपण तशीच गेली असती ना? पिना घासून स्वच्छ केलो, नवं रबर, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस टाकू नको, रबर फुगतंय.

डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, गंजून चिकटली असेल तर तिच्यावर आट्याची दोन भोकं असतात का बघ, त्यात बोल्ट घालून आळीपाळीनं आवळलं की सुटती. काही गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टनं असती, मग हब काढावा लागतो आन बेअरिंगचं ग्रीस, सेटिंग सगळं आलं, तसं असलं तर जाणत्या माणसाला घेऊन बस. हबचा चेहरा मात्र वायर ब्रशनं मन लावून घास, माझा सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला, आप्पा म्हणाले भांडी घासूलालास काय. पण तिथं गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क तिरकी बसती आन थरथर परत चालू.

नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो, ब्रेक क्लीनरनं पुसून काढ. कॅलिपरमधला पिस्टन शिकंज्यानं मागं दाबताना वरच्या बाटलीतलं ब्रेक ऑइल वर चढतंय, सांडलं तर रंग उडतो. आन सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पॅडल कडक होईपर्यंत मार, पहिल्यांदा ते थेट खाली जातंय, हे विसरलास तर समोरची भिंत गेली.

नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे अक्कलकोट रोडला घेऊन गेलो, रस्ता मोकळा बघून पन्नासच्या स्पीडवरनं दहापर्यंत हळूहळू ब्रेक, असं आठ-दहा वेळा, पूर्ण थांबायचं नाही, मधे जरा थंड होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी नट परत आवळलो. आन घाटात आता खालच्या गिअरला उतरतो, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही.

तू आधी चाक काढून दोन्ही पॅडचे फोटो टाक, आतला आन बाहेरचा, आन डिस्कची जाडी मोजून कळव. मगच डिस्क घ्यायच्या का ते ठरवू. येताना घरी सांगून ये, आई भाकरी आन शेंगा चटणी बांधून ठेवती म्हणाली.

तुझाच