नदीतले मासे पहाटे मोजा

महोदय,

नदीसुधारणेची बातमी आली की घाट, पदपथ आणि कोटींचे आकडे यांनी रकाना भरतो. माशांबद्दल त्यात एक ओळ नसते. मी मांजरी बुद्रुकचा शेतकरी. माझा ऊस मुळा-मुठेच्याच पाण्यावर वाढतो आणि शाळेत असल्यापासून मी याच नदीत गळ टाकत आलोय, म्हणून लिहितो.

दख्खनच्या महसीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केलं. तो मासा त्यांना पुण्याच्या पूर्वेला साधारण आठ मैलांवर, याच नदीत मिळाला होता. आठ मैल म्हणजे जवळजवळ आमचीच शीव. पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी छापली. म्हणजे या नदीची जुनी खातेवही तयार आहे, फक्त पुढची पानं कुणी भरत नाही.

महसीर काही आमच्या वाट्याला आला नाही. पावसाळ्यात अंडी घालायला तो वरच्या अंगाला गोट्या-वाळूच्या पाण्यात चढतो, आणि तिथं धरणाच्या भिंती उभ्या. पण मरळ, वाम, शिवडा, शिंगाळा होते. वामीला गांडूळ, मरळीला जिवंत बेडकी, बाकीच्यांना कणकेचा गोळा. तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, तरंगायला ज्वारीच्या धाटाचं बूच. वाम गळ गिळून दगडाच्या कपारीत अंग आवळून बसायची. ओढाल तर तंगूस तुटलाच. चुलते सांगायचे, सैल सोड आणि गप बस. तिला वाटतं धोका टळला, मग ती अंग ढिलं करते, तेव्हा हिसका द्यायचा. ही विद्या आता शिकवायची कुणाला? माझा मुलगा म्हणतो, पप्पा, त्या पाण्यातलं खायचं तरी का? त्याचं चुकत नाही.

आज गळाला लागते ती चिलापी, नाहीतर मांगूर. चिलापी १९५२ मध्ये परदेशातून देशात आणली गेली. ती पिल्लं तोंडात सांभाळते आणि कमी प्राणवायूतही तग धरते. परदेशी मांगूर पाळायला बंदी आहे, तरी तो नदीत आहेच. वर येऊन हवा घेतो, त्यामुळे गटारातही जगतो. या पाण्यातली चिलापी कढईत टाकली की घरभर रॉकेलसारखा वास सुटतो.

मासे कमी झाले की मासेमारीला दोष देण्याची पद्धत आहे. सुरुंग आणि विष टाकणाऱ्यांना तो द्यावाच. १८९७ च्या कायद्यापासून दोन्हीला मनाई आहे. पण आमच्याकडे गळवाले कधीच उठून गेले. हौशी पोरं सुट्टीला गाडी काढून पानशेतच्या फुगवट्यावर जातात. मासेमारीवर जगणाऱ्या भोयांपैकी काहींनी उजनी धरण गाठलं, बाकीच्यांची मुलं कंपन्यांत लागली. धरणारेच उरले नाहीत, तर मासे वाढायला हवे होते. वाढली ती जलपर्णी.

आणखी एक नुकसान झालं, ते कुणाच्या हिशेबात नाही. पूर्वी मासे तरंगायला लागले की भोयांना सकाळीच कळायचं, कुठल्या नाल्यातून काय आलं तेही कळायचं. चावडीवर बोंब व्हायची. आता मासे मरून जलपर्णीखाली सडतात आणि दुर्गंधी सुटली की आम्ही नाकाला रुमाल लावतो.

केंद्राच्या नदीसंवर्धन योजनेतून २०१६ साली पुण्यासाठी ११ सांडपाणी प्रकल्प मंजूर झाले, खर्च ९९० कोटींच्या घरात. ते पूर्ण होऊन चालूही राहोत. पण त्यांचं काम जोखायला नदीतला मासाच बरा. दरवर्षी पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा एप्रिलात, शहराच्या वर एका ठिकाणी आणि खाली मांजरी-थेऊरला, कोणत्या जातीचे किती मासे मिळाले ते मोजावं आणि १९४२ च्या यादीशेजारी छापावं. मोजणीला भोयांना रोजंदारी देऊन घ्यावं; जात ओळखायला त्यांना पुस्तक उघडावं लागत नाही.

आणि पाण्याचा नमुना पहाटे घ्यावा. माशांसाठी लिटरला निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, असा सरकारी निकष आहे. भर उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारचा आकडा बरा दिसतो. रात्रभरात तो उतरतो आणि मासे मरतात ते उजाडायच्या आत. साहेबांची गाडी नदीवर येते ती अकरानंतर.

– एक जुना गळवाला, मांजरी बुद्रुक (ता. हवेली)