तुझ्या त्या ‘बरं’चं उत्तर

बंगळूर, ६ जानेवारी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

रविवारी फोनवर ‘पायलटची नोकरी लागली’ म्हटलं तेव्हा आई, तू एवढ्यानं ओरडलीस की माझ्या रूममेटने कानातले हेडफोन काढून बघितलं. मग मी म्हटलं, ‘मालवाहू विमान आहे गं, प्रवासी नाही.’ आणि तू म्हणालीस, ‘बरं.’ हे ‘बरं’ मी ओळखते. दादाने रजिस्टर लग्न करायचं सांगितलं तेव्हाही हेच आलं होतं. बाबांनी फोन घेतला, ‘बेस कुठला?’ एवढंच विचारलं आणि फोन परत तुझ्याकडे. म्हणून पत्र लिहितेय. फोनवर तू मध्येच ‘जेवलीस का’ विचारतेस आणि मुद्द्याचं राहूनच जातं.

आधी लपवलेलं सांगून टाकते. गेल्या दीड वर्षात मी प्रवासी कंपन्यांच्या दोन परीक्षा दिल्या. एकीत लेखीतच उडाले. दुसरीत सिम्युलेटरपर्यंत पोचले, पण शेवटच्या यादीत नाव नव्हतं. तुम्हाला पहिलीचंच माहीत आहे. दुसरीच्या वेळी मी ‘मैत्रिणीच्या लग्नाला हैदराबादला चाललेय’ म्हणाले होते आणि आई, तू आहेराचे पाचशे रुपये पाठवलेस. ते परत करणार आहे. तेव्हा मालवाहू विमान ही माझी पहिली पसंती नव्हती, हे खरंच. पण दुसरं काही जमलं नाही म्हणून हे धरलं, असं तुला वाटत असेल तर तसंही नाही.

२०२० आठवतं? फेब्रुवारीत माझं लायसन्स आलं, तू फ्रेम करून घेतलीस. २५ मार्चपासून प्रवासी विमानं बंद. दोनशे तास उडून मिळवलेला कागद भिंतीवर आणि मी जुळे सोलापुरात गच्चीवर पापडांवरचे कावळे हाकत बसलेली. त्या दोन महिन्यांत घरातून कामाला जाणारं माणूस एकच होतं: मालगाडीचे गार्ड बाबा. पॅसेंजर गाड्या थांबल्या होत्या, मालगाड्या नव्हत्या. रात्री दोनला बाबांचा मोबाईल वाजायचा, तू उठून डबा भरायचीस, बाबा पास खिशात घालून स्कूटर काढायचे. स्टेशनपर्यंत एक कुत्रं भेटलं नाही, असं सकाळी सांगायचे. धान्याचे रेक, कोळशाचे रेक. वरही तेच चाललं होतं. प्रवाशांची विमानं इंजिनांना कापडं बांधून उभी, आणि औषधं, तपासणीचे किट, मास्क घेऊन मालाची विमानं उडत होती. मी मोबाईलवर त्यांचे ठिपके बघत बसायचे. तेव्हा मी काही ठरवलं बिरवलं नाही. फक्त एवढं लक्षात आलं की आपल्या घरात उडणाऱ्या पोरीपेक्षा रिटायरमेंटला आलेल्या गार्डची गरज जास्त आहे, आणि मला त्याचा जरा रागच आला होता.

आता मुलाखतीचं. सिम्युलेटरमध्ये त्यांनी उड्डाणाच्या ऐन वेळी एक इंजिन बंद केलं. विमान एका बाजूला ओढ घेतं, पायाने रडर दाबून सरळ ठेवायचं. माझा पाय थरथरत होता पण विमान सरळ राहिलं, एवढंच सांगते. खरी पंचाईत टेबलावर झाली. समोर तीन जण. मधल्या वयस्कर कॅप्टनने विचारलं, ‘कार्गो का?’ माझं उत्तर पाठ होतं: ऑनलाइन खरेदी वाढलीय, क्षेत्राला भवितव्य आहे वगैरे. त्यांनी ते शेजारच्या भिंतीकडे बघत ऐकलं. मग म्हणाले, ‘रात्री तीन वाजता तुम्ही कशा असता?’ हे मी पाठ केलेलं नव्हतं. मी म्हटलं, माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. लहानपणी रात्री कॉलबॉय दार वाजवायचा, बाबा झोपेतच त्याच्या वहीत सही करायचे. दिवसा ते झोपलेले असताना आमच्याकडे कुकर लावत नसत, बेलची वायर काढून ठेवलेली असे. कोणी विचारलं नव्हतं तरी हेही सांगितलं की बाबा म्हणायचे, ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यात, पहाटे चारला बसायचं नाही, उभं राहायचं. बसलं की संपलं. कॅप्टनने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला: ‘बोइंग ७३७ ची हायड्रॉलिक सिस्टिम ए गेली तर काय काय जातं?’ तेवढं मला येत होतं.

निवड झाल्यावर आम्हाला रात्री एक विमान दाखवायला नेलं. बाबा, हे तुमच्यासाठी. ७३७-८०० आहे, आधी प्रवासी होतं, आता बदलून मालवाहू केलेलं. आत सीट एकही नाही. खिडक्यांच्या जागी बंद पत्रे. डाव्या बाजूला पुढे एक अख्खी भिंतच वर उघडते, एवढा दरवाजा. जमिनीवर लोखंडी रोलर, त्यावरून जाळीत बांधलेली पॅलेट दोन माणसं हाताने ढकलत आत नेतात आणि खटका लावतात. अकरा पूर्ण पॅलेट नि एक अर्धं. कॉकपिटच्या मागे जाड आडवी भिंत आहे. मालाचं वजन नऊ पट होऊन पुढे आदळलं तरी ती टिकली पाहिजे, असं तिचं गणित. आणि शेपटीखाली टेकू लावतात, कारण दरवाजा पुढे असल्यामुळे मागचा माल आधी चढतो आणि टेकू नसला तर विमान नाक वर करून बसेल. उतरवताना मागचं शेवटी निघतं, म्हणून तेव्हाही टेकू हवाच. हे ऐकलं तेव्हा मला तुमचं ते वाघिणीत कोळसा एकीकडे भरल्याचं प्रकरण आठवलं, ज्यावरून तुम्ही वाडी जंक्शनला भांडला होतात आणि गाडी दोन तास सोडली नव्हती.

किती माल नेतं? जास्तीत जास्त २३ टनांच्या घरात. तुमच्या एका बॉक्सएन वाघिणीत ५८ टन कोळसा बसायचा आणि तशा ५८-५९ वाघिणी घेऊन तुम्ही निघायचात. म्हणजे माझं आख्खं विमान तुमची अर्धी वाघीणसुद्धा नाही. हसू नका. त्या रात्री आत काय होतं बघितलं: मोबाईलची खोकी, चंदेरी कापडात गुंडाळलेली औषधं, कुठल्या तरी गाडीचे सुटे भाग, आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत एक दिवसाची कोंबडीची पिल्लं. दरवाजा बंद होईपर्यंत त्यांची चिवचिव येत होती. सोलापुरी चादर एकही नव्हती. चादरीला कसली घाई, ती ट्रकने जाते. विमानात चढतं ते हलकं, महाग किंवा उद्या सकाळी मरणारं.

आई, आता तुझ्या बाजूचं. ‘लोकांना काय सांगू?’ हे तू विचारलं नाहीस, पण मावशीला विचारलंस, आणि मावशीच्या पोटात काही राहत नाही. लोकांना ‘पायलट’ सांग, पण अजून तीन-चार महिने थांब. आधी वर्गात शिक्षण, मग सिम्युलेटर, मग खऱ्या विमानात उतरण्याचा सराव, मग ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून फेऱ्या. ते सगळं पार पडल्याशिवाय मी नुसती विद्यार्थिनी. पेढे वाटून झाले असतील तर असू दे. मालाचं विमान म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. २०२२ मध्ये रेल्वेने गार्डचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ केलं तेव्हा बाबा काय म्हणाले होते आठवतं? ‘मी रिटायर झालो आणि मॅनेजर झालो.’ आठवडाभर हाच विनोद सगळ्यांना ऐकवत होते.

रात्रीची भीती मात्र खरी आहे, तिला मी हसणार नाही. माल दिवसभर गोळा होतो आणि रात्री उडतो, सकाळी दुकानात हवा असतो. म्हणजे माझं काम बहुतेक बारा ते सहामध्येच. दोन ते सहा ही वेळ शरीराला सर्वांत वाईट, हे आम्हाला शिकवतातसुद्धा. पण वर्षाला १,००० तासांच्या वर उडता येत नाही, मध्ये विश्रांती किती घ्यायची तेही कायद्याने बांधलेलं आहे. आणि आग लागली तर, हे तू विचारशीलच, तर वरच्या मजल्यावरच्या मालावर फवारा मारत नाहीत. हवा तोडतात, केबिनचा दाब सोडून देतात म्हणजे आगीला प्राणवायू कमी पडतो, आणि आम्ही दोघं मास्क लावून जवळचा विमानतळ गाठतो. यासाठीच लिथियम बॅटऱ्यांसारख्या वस्तूंचा कागद उड्डाणाआधी आमच्या हातात येतो. कळून भीती वाटलेली बरी, असं मला वाटतं. तुला तसं वाटत नसेल तर हा भाग बाबांना वाचू दे.

खाण्याचं: हवाईसुंदरी नाही, डबा आपला आपण. कडक भाकरी आणि शेंगाचटणी या नोकरीसाठीच जन्माला आली आहे. फक्त दोन्ही वैमानिकांनी एका वेळी एकच जेवण खायचं नाही असा रिवाज आहे, एकाला बाधलं तर दुसरा ठणठणीत हवा. तेव्हा कॅप्टनना थोडी दे, असं सांगू नकोस. आणि दशमूलारिष्टाची बाटली अजिबात पाठवायची नाही. ड्यूटीआधी श्वासाची तपासणी होते आणि त्या मशीनला दारू आणि अरिष्ट यांतला फरक कळत नाही. आयुर्वेद आहे म्हणून सुटका नाही.

एक गंमत सांगते. मुंबई ते हैदराबाद नकाशावर सरळ रेघ मारली तर ती तुळजापूरच्या वरून जाते. सोलापूर उजव्या हाताला राहतं, आणि मी बसणार उजव्या सीटवर. पण गच्चीवर येऊन उभी राहू नकोस. एक तर वेळ पक्की नसते, दुसरं म्हणजे खालून सगळी विमानं सारखीच दिसतात आणि तू भलत्याच विमानाला हात करशील. ‘तुझं विमान आपल्या होटगी रोडच्या विमानतळावर कधी उतरणार?’ असं शेजारचे काका विचारत होते ना? त्यांना सांग, विमानांच्या वाटेत येणारी कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, गोव्याचं विमान सुरू झालं, एवढ्यावर सध्या समाधान माना.

पैशांचं थोडक्यात. सुरुवातीचे महिने नुसता स्टायपेंड आहे, तरी घराच्या कर्जाचा हप्ता फेब्रुवारीपासून माझ्या खात्यातून जाईल. बँकेत फॉर्म दिलाय. पाटल्या सोडवायला मात्र दिवाळी उजाडेल. त्याबद्दल वाद नको, पाटल्या कुणासाठी गहाण गेल्या हे मला माहीत आहे.

आता ज्यासाठी खरं हे पत्र. बाबा, मी ऑफर लेटर पाठवलं ते तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवलंत आणि बॉण्डच्या तीन वर्षांची आठ केलीत. ती बिचारी रात्रभर जागी. दादा म्हणाला, तुम्ही संध्याकाळनंतर स्कूटर काढत नाही, समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. मोतीबिंदू मागच्या दिवाळीतच सांगितला होता डॉक्टरांनी. तुम्ही ‘पोरीचं मार्गी लागू दे’ म्हणून ढकललंत. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायची परीक्षा तुम्ही नोकरीभर दिलीत, तीच मी आता दरवर्षी देणार. माझे डोळे बिघडले तर नोकरी जाते म्हणून मी लगेच दाखवते. तुमची नोकरी गेली म्हणून तुम्ही दाखवायचं नाही, हा कुठला नियम? ऑपरेशनशी थंडी-उन्हाळ्याचा काही संबंध नाही, तेही विचारून घेतलंय.

पोरीचं मार्गी लागलं. दादाने सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेनंतरच्या सोमवारची ऑपरेशनची वेळ घेतली आहे, सकाळी साडेनऊची. अक्षता, नंदीध्वज, शोभेचं दारूकाम सगळं बघून घ्या, नंतर महिनाभर धुळीत जायचं नाही. मला येता येणार नाही, बारा तारखेपासून वर्ग सुरू. दुसरा डोळा मार्चमध्ये करायचा असेल तर तेव्हा सुट्टी बघते. आणि बरं वाटल्यावर दोघं या. दुपारी उद्यान एक्सप्रेस धरली की सकाळी बंगळूर. रेल्वेचा पास आहेच, त्याचा काहीतरी उपयोग करा.

सिद्धेश्वराला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
मनू

ता. क. – आई, भाकऱ्या पाठवशील तर जाड पुठ्ठ्यात, वरखाली वर्तमानपत्र घालून बांध. मागच्या वेळी कुरिअरवाल्याने नुसता चुरा आणून दिला. मी दुधात घालून खाल्ला, पण ते वेगळं.