पंप संपलेला नव्हता, ताई

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

जुलैतल्या त्या धो धो पावसाच्या संध्याकाळी मी तुमच्या मेडिकलमध्ये आले ती बाबांच्या दम्याचा नवा पंप घ्यायला. बाबांना दोन दिवस धाप लागत होती. एरवी सालब्युटामॉलचे दोन पफ घेतले की दहा मिनिटांत छाती मोकळी व्हायची. त्या दिवशी सहा घेऊनही घरघर तशीच. पंप संपला असणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. काउंटरवर गर्दी होती, तरी तुम्ही तो हलवून, हवेत एकदा दाबून पाहिलात आणि विचारलंत, "या आठवड्यात नवीन गोळी कुठली सुरू झाली का?"

मी नाही म्हणाले. मग आठवलं. बाबांचे हात थरथरतात म्हणून आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो होतो. स्ट्रिपचा फोटो मोबाइलमध्ये होता: प्रोप्रॅनोलॉल. दम्याचं आम्ही तिथे सांगितलंच नव्हतं. हातासाठी गेलो, हाताबद्दलच बोललो, आणि त्यांच्याकडूनही विचारायचं राहून गेलं. तुम्ही कुणाला दोष देत बसला नाहीत. त्या डॉक्टरांना स्वतः फोन लावलात, पुढची गोळी द्यायची नाही हे त्यांच्याशी बोलून ठरवलंत आणि मला म्हणालात, "पंप राहू दे, टॅक्सी कर आणि बाबांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने." तिथे ऑक्सिजन लावला, इप्राट्रोपियमची वाफ दिली. रात्री दोनच्या सुमारास बाबा एका दमात पूर्ण वाक्य बोलले, तेव्हा कुठे मी खाली बसले.

यासाठी तुमचे आभार मानायला शब्द पुरणार नाहीत. पण मला खरं लिहायचंय ते नंतरच्या रविवारबद्दल.

बाबा घरी आले ते हट्टाला पेटूनच. आता एकही गोळी नको, पंपही नको, सगळी औषधं विषारी, असं म्हणू लागले. मी रडकुंडीला आले होते. आणि दुकान बंद करून तुम्ही आमच्या लालबागच्या चाळीत दोन जिने चढून आलात. बाबांची उमेदीची वर्षं गिरणीत साचेखात्यात गेली, त्यांना यंत्र समजावून सांगितलं की पटतं, हे तुम्ही कसं ओळखलंत कोण जाणे.

तुम्ही सार्वजनिक नळाची गोष्ट काढलीत. आपल्या पेशींवर असे नळ असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात, पुस्तकी मराठीत ग्राही. सालब्युटामॉल येतं, नळाशी उभं राहतं, कॉक फिरवतं. प्रोप्रॅनोलॉल त्याच नळाखाली आपला हंडा ठेवतं, पण कॉकला हातच लावत नाही. नळ धड आहे, पंपातलं औषधही धड आहे, फक्त त्याला जागा मिळत नाही. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या वेळच्या पाण्याच्या रांगेसारखंच." मग त्यांनी विचारलं, जास्त माणसं घुसवली तर? तुम्हाला तो प्रश्न किती आवडला हे तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. घुसवता येतात, म्हणालात, कारण ही गोळी नळाला कायमची चिकटत नाही, सुटते आणि पुन्हा बसते. म्हणून जास्त डोस लागतो. पण तोवर दमेकऱ्याला श्वास पुरायला हवा ना.

मला सगळ्यात धक्का दिला तो पुढच्या भागाने. श्वासनलिका मोकळ्या करणारा नळ बीटा-२ नावाच्या प्रकारचा, आणि हात थरथरवणारा हाताच्या स्नायूंमधला नळही बीटा-२च! पंप वारंवार मारल्यामुळे हात थरथरत होते. गोळीने तो नळ अडवला, थरथर थांबली, आणि त्याच वेळी छातीतला नळही अडला. आणि अडवणं हे नेहमी वाईटच असं नाही, हेही तुम्ही दाखवलंत. हॉस्पिटलातल्या इप्राट्रोपियमने वेगळाच नळ अडवला, श्वासनलिका आवळणारा, म्हणून तर बाबा वाचले.

त्यानंतर मी बँकेतून येता-जाता वाचत गेले. केंब्रिजचे शास्त्रज्ञ लँगली यांनी 1905 मध्ये निकोटीन आणि क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं विष स्नायूंवर वापरून पाहिलं आणि तिथे औषध 'धरणारा' काही पदार्थ असला पाहिजे असं मांडलं. डोळ्यांनी काही न दिसता! 1948 मध्ये आल्क्विस्ट यांनी अॅड्रेनालिन ज्यांवर बसतं त्या नळांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार केले. त्या आधारावर जेम्स ब्लॅक यांनी हृदयाच्या रुग्णांसाठी प्रोप्रॅनोलॉल घडवलं, 1988 चं नोबेल त्यांना मिळालं. ज्या गोळीने बाबांना गुदमरवलं तिने हृदयाच्या कितीतरी रुग्णांना दिलासा दिलाय, हे कळल्यावर माझा राग निवळला. रिसेप्टर कसे काम करतात हे उलगडणाऱ्या लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना तर 2012 मध्ये नोबेल मिळालं. बीटा-२चा हा नळ म्हणजे एक प्रथिन, ते पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातं. औषध बाहेरच्या बाजूला बसतं, प्रथिनाचा आकार बदलतो आणि निरोप आत पोचतो. सालब्युटामॉलला आत शिरावंच लागत नाही. हे वाचताना करी रोड स्टेशन गेलं, मला कळलंच नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. आता रोज ब्युडेसोनाइडचा, म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी करणाऱ्या औषधाचा पंप आहे. त्याचा नळ पेशीच्या आत असतो आणि तो जनुकांचं काम बदलतो, म्हणून फरक दिसायला दिवस लागतात, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत, नाहीतर चौथ्या दिवशी बाबांनी तो फेकून दिला असता. जुना पंप आता क्वचितच लागतो. सतत मारला की पेशी ते नळच आत ओढून घेते, हे बाबा आता शेजारच्या काकांनाही समजावतात. हाताची थरथर बरीच कमी झालीय. परवा त्यांनी स्वतः कपात चहा ओतला, बशीत थेंबही सांडला नाही.

फाइलच्या पहिल्याच पानावर मी लाल पेनाने 'दमा आहे' असं ठळक लिहिलंय, त्याखाली चालू औषधांची नावं. गणपतीत घरी नक्की या. बाबांना तुम्हाला आणखी दोन प्रश्न विचारायचे आहेत, त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरच्या बाबांची मुलगी