विमा कंपन्यांनी उदाहरण देऊन सांगावे

महोदय,

विमा विकताना 'सगळं कव्हर आहे' आणि दावा केला की 'अमुक कलमानुसार अमान्य'! मधलं कुणी समजावतच नाही. घराच्या काही विम्यांत असणारं सरासरीचं कलम घ्या. असा विमा घराच्या निम्म्याच किमतीचा उतरवला असेल, तर आगीत फक्त स्वयंपाकघर जळलं तरी नुकसानीच्या निम्मीच भरपाई हाती पडते. बहुतेकांना वाटतं, विम्याची रक्कम नुकसानीहून मोठी आहे, म्हणजे पैसे पूर्ण मिळणार. पॉलिसीत हे लिहिलेलं असतं, पण सोबत आकड्यांचं एक उदाहरण छापायला काय हरकत आहे? दावा नाकारताना तरी नेमकं कशामुळे अडलं आणि दाद कुठे मागायची, हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहावं. व्याख्या खुशाल मागच्या पानांवर असू द्या. वकिलांना त्या लागतातच.

– एक पॉलिसीधारक