किलोमीटरला 90 पैसे कोणाला पडतात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात विजेवरच्या आणि पेट्रोलवरच्या गाडीचा किलोमीटरमागचा खर्च मांडणारा तक्ता आपण छापलात. आमच्याकडे तो मोठ्याने वाचला गेला. "बघ, तुझी गाडी 90 पैशांत चालते," असं म्हणून नवऱ्याने पेपर माझ्यापुढे ठेवला. मी तेव्हा आदल्या रात्रीच्या चार्जिंगचं बिल वहीत उतरवत होते. 25 युनिटांचे 619 रुपये, वर मॉलच्या पार्किंगचे 60. आज सोमवारची रात्र आहे, तरी राग शांत झालेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. गोरेगाव, अंधेरी, पवई, कधी विक्रोळीपर्यंत जाणं होतं. महिन्याला साधारण 1,200 किलोमीटर होतात आणि तो खर्च माझ्याच कमाईतून जातो. त्यामुळे सीएनजीची गाडी होती तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही असते. तारीख, काट्यावरचे किलोमीटर, किती भरलं, किती पैसे दिले. विजेची गाडी घेऊन दीड वर्ष झालं. वहीत एकही दिवस सुटलेला नाही. खाली लिहिलेले माझ्या खर्चाचे सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

आपल्या तक्त्यात विजेचा दर युनिटला 7 रुपये 20 पैसे धरला आहे आणि एका युनिटात गाडी 8 किलोमीटर जाते असं म्हटलं आहे. भागाकार बरोबर आहे. पण हा दर कोणाच्या बिलातला? मुंबईत घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते: 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. गाडी येण्याआधीच आमच्या घराला महिन्याला 250 युनिट लागत होते. गाडीचे 185 त्यांच्या डोक्यावर चढतात, म्हणजे बहुतेक तिसऱ्याच टप्प्यात जातात. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. घरी चार्जिंग होत होतं त्या चार महिन्यांत गाडीचं एक युनिट मला सरासरी 12 रुपयांना पडलं.

शिवाय मीटरमधून गेलेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. गाडीच्या वायरीवर मी वेगळा छोटा मीटर बसवला होता. त्यावर 30 युनिट दिसले तेव्हा गाडीच्या पडद्यावर 26 जमा झालेले होते. बाकीची वीज उष्णतेत जाते, चार्जर हाताला गरम लागतो तो त्यामुळेच. ती वजावट धरली की युनिटाला साडेसहा किलोमीटर मिळतात. म्हणजे घरच्या चार्जिंगवर किलोमीटरला 1 रुपया 85 पैसे. तक्त्यातल्या आकड्याच्या दुप्पट झाले, पण तरीही मी खूश होते.

कारण पेट्रोलचा हिशेब फार वाईट आहे. मुंबईत लिटर 103 रुपयांच्या पुढे आहे आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रोच्या कामात गाडी चाळीस चाळीस मिनिटं मुंगीच्या पावलांनी सरकते. तिथे माझी जुनी सीएनजीची गाडी पेट्रोलवर चालवली तेव्हा लिटरला 13 च्या वर कधी गेली नाही. किलोमीटरला 8 रुपये. विजेची गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना फक्त एसीची वीज खाते, आणि ब्रेक लावला की थोडी बॅटरीत परत भरते. मुंबईच्या रस्त्यांना हीच गाडी योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

मग राग कसला? माझं घरचं चार्जिंग गेले चौदा महिने बंद आहे, त्याचा.

गाडी घेतली तेव्हा सोसायटीच्या कमिटीला अर्ज दिला, तोंडी होकार मिळाला. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत पाइपमधून केबल नेली, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर लावला, भिंतीवर लोखंडी पेटी बसवली. 22,000 रुपये गेले, माझे. वीज माझ्या मीटरची, बिल माझ्या नावाचं. चार महिने सुरळीत गेले. मग सर्वसाधारण सभेत एका सभासदाने आगीचा मुद्दा काढला, दुसऱ्याने इमारतीवर लोड येतो असं सांगितलं, आणि "धोरण ठरेपर्यंत" पेटी बंद ठेवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खाली उतरले तर पेटीला सोसायटीचं कुलूप होतं. वॉचमन मामा बिचारे माझ्याकडे बघेनात.

लोडचं म्हणाल तर माझी गाडी 16 ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर चार्ज होते. गीझरच्या सॉकेटवर जेवढा भार येतो तेवढाच हा. रोजच्या गरजेपुरती वीज भरायला दोन तास पुरतात, आणि मी ते रात्री एकनंतर करत होते. आमच्या इमारतीत घरटी दोन गीझर आहेत आणि सकाळी सातला ते एकदम चालू होतात. त्याबद्दल कधी सभा झाली नाही.

घरच्या विद्यमान जोडणीवर गाडी चार्ज करता येईल, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त झाले, तेव्हा चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्कही ग्राहकाला मिळाला. महानगरात अर्ज पूर्ण असेल तर नवीन जोडणी तीन दिवसांत द्यायची, हेही त्याच दुरुस्तीत आहे. या दोन्हींच्या प्रती काढून मी कमिटीपुढे ठेवल्या. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "मॅडम, नियम सरकारचे असतील, पार्किंग सोसायटीचं आहे." वेगळी जोडणी घ्यायची तरी मीटर बसवायला मीटर रूममध्ये जागा लागते, आणि ती जागा द्यायची की नाही हे कमिटीच्याच हातात. दोन पावसाळे झाले. कुलूप गंजलं आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून मी पेटीला प्लास्टिकची पिशवी बांधली आहे, ती दर महिना-दीड महिन्याने बदलते.

आता बाहेरच्या चार्जिंगचा हिशेब पाहा, जो आपल्या तक्त्यात कुठेच नाही. घरच्या विजेला जीएसटी लागत नाही, पण सार्वजनिक चार्जिंग ही सेवा धरली जाते आणि तिला 18 टक्के लागतो. मी जिथे जाते तिथे युनिटाला 21 रुपये आहेत, जीएसटी धरून 24 रुपये 78 पैसे. तिथे चार्जरच्या बंदुकीतून, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगमधून, जेवढी वीज गाडीत जाते तेवढ्याचंच बिल होतं, त्यामुळे युनिटाला 7.3 किलोमीटर मिळतात. पार्किंगचे पैसे मिळवले की किलोमीटरला 3 रुपये 70 पैशांच्या वर. माझी जुनी गाडी सीएनजीवर किलोला 24 किलोमीटर जायची. सीएनजी आज किलोला 80 रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे किलोमीटरला 3 रुपये 33 पैसे. मॉलमध्ये चार्ज केलेली माझी विजेची गाडी सीएनजीच्या गाडीपेक्षा महाग चालते. ज्या शहरात टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर धावतात आणि निम्मी ओळखीची माणसं सीएनजीची गाडी वापरतात, त्या शहराच्या पेपरात तुलना करताना सीएनजीचा रकानाच नसावा, हे मला समजत नाही.

पैशांपेक्षा वेळ जास्त जातो. शनिवारचंच सांगते. शेवटचा पेशंट पवईला, अर्धांगाचे आजोबा, त्यांना आता कुठे आधाराने चार पावलं टाकता येऊ लागली आहेत. तिथून निघून मॉलच्या तळघरात पोचले तेव्हा रात्रीचे 10 वाजून 40 मिनिटं झाली होती. दोन यंत्रं. एकाचा पडदा काळा. दुसऱ्यापुढे पेट्रोलची मोठी गाडी आडवी लावलेली, मालक सिनेमाला. सिक्युरिटीने माइकवरून नंबर पुकारला, वीस मिनिटांनी गाडी हलली. 25 युनिट भरायला तास गेला. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे आणि खांदे वाकवून माझा स्वतःचा पाठीचा कणा दुखत होता आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टक्के मोजत होते. घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि आमच्या पार्किंगमध्ये माझ्याच पैशांची पेटी कुलपात होती. महिन्यातून सहा-सात रात्री अशा जातात. ॲपचंही तेच. प्रत्येक कंपनीचं वेगळं, प्रत्येकात आधी पैसे भरायचे. चार ॲपमध्ये मिळून माझे हजारभर रुपये अडकून पडले आहेत.

महिन्याचं सांगायचं तर घरी 2,200 रुपयांत भागत होतं, बाहेर साडेचार हजारांच्या जवळ जातं. चौदा महिन्यांत एका कुलपापायी माझे तीस हजारांहून अधिक रुपये गेले. गाडी तीच, रस्ते तेच. आपण छापलेला आकडा खरा ठरायला स्वतःचं पार्किंग, त्यात स्वतःचा सॉकेट आणि सॉकेटला हरकत न घेणारी कमिटी लागते. चाळीत राहणाऱ्याला आणि रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला तर घरच्या चार्जिंगचा विचारही करता येत नाही. हे तक्त्याखाली दोन ओळींत लिहायला हवं होतं. आज माझ्याच एका पेशंटच्या मुलाने तक्ता दाखवून विचारलं, "मॅडम, घेऊ का?" मी आधी विचारलं, "गाडी कुठे उभी राहते तुमची?" तो गप्प झाला.

तक्त्यात टोलमाफीचे पैसे आपण इंधनबचतीत का धरले आहेत? अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल नाही, चांगली गोष्ट आहे, पण मी तिथून वर्षातून दोनदा जाते. आणि मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर 2024 पासून सगळ्याच हलक्या वाहनांना टोल माफ आहे, पेट्रोलच्या गाडीलाही.

आणखी एक. पेट्रोलच्या गाडीचं मायलेज आपण कंपनीच्या कागदावरून घेतलेलं दिसतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं होतं. नवऱ्याची स्कूटर जुनी आहे, तिची टाकी पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते, आणि दर मात्र पूर्ण पेट्रोलचाच द्यावा लागतो. न मिसळलेलं साधं पेट्रोल मागितलं तर पंपावरचा मुलगा नुसता बघत राहतो. यावर आपण एक तरी बातमी नीट करा.

मागे फुटपाथवरच्या पार्किंगबद्दल मी पत्र पाठवलं होतं. ते छापलंत, पण त्यातले आकडे गाळले आणि नुसती तक्रार उरली. या वेळी आकडे कापू नका ही विनंती. जागा कमी असेल तर माझा राग कापा, 24 रुपये 78 पैसे आणि 3 रुपये 33 पैसे राहू द्या. नाव मात्र छापू नये. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे, माझा अर्ज विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकावर घेतला आहे.

आपली,
एक वाचक, गोरेगाव (पूर्व)