इंडियम आणि वटवाघूळ

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू त्या प्रश्नमंजूषेवरून इतकी तणतणत होतीस की माझं बोलणं राहूनच गेलं. ‘इंडियम या मूलद्रव्याचं नाव कशावरून?’ तू बझर दाबलास, ‘इंडिया’ म्हणालीस, दहा गुण गेले. जर्मेनियम जर्मनीवरून, गॅलियम फ्रान्सच्या जुन्या नावावरून, मग इंडियमनेच काय घोडं मारलंय, हा तुझा सवाल.

ऐक. 1863 साली जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये फर्डिनांड राइश जस्ताचं खनिज तपासत होते. त्यांना रंग ओळखता येत नसत, त्यामुळे वर्णपट बघायला डोळा लावला तो त्यांच्या सहकाऱ्याने, थिओडोर रिश्टरने. त्याला दिसली एक गडद निळी रेघ, तोवर कुणीच न नोंदलेली. रंग इंडिगोचा, म्हणून नाव इंडियम. आता इंडिगो कुठून आलं? आपल्याकडून जाणाऱ्या निळीला ग्रीक लोक ‘इंडिकॉन’ म्हणत, म्हणजे हिंदुस्थानातली. तेव्हा तू चुकलीस म्हणण्यापेक्षा एक स्टेशन पुढे जाऊन उतरलीस. गुण कापले ते मात्र बरोबरच केलं, उगाच त्या बाईंवर रागावू नकोस.

मला हळहळ वाटली ती दुसऱ्याच प्रश्नाची. ‘कायरोप्टेरा गणात कोणते प्राणी येतात?’ तू हातच लावला नाहीस म्हणे! अगं, तो तर तुझ्या घरचा प्रश्न. हेलिकॉप्टर हा शब्द आपण ‘हेली’वर तोडतो, पण त्याचा खरा सांधा पुढे आहे. ग्रीकमध्ये ‘हेलिको’ म्हणजे पीळ, मळसूत्र, आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख. तुझ्या लहानपणी भिंतीवरच्या तक्त्यात टेरोडॅक्टिल होता ना, त्यातही तोच पंख, आणि ‘डॅक्टिल’ म्हणजे बोट. राहिला ‘कायरो’. मोबाइलवर माणसांची हाडं कडाकड वाजवणारे कायरोप्रॅक्टर तू तासन्‌तास बघतेस, ते काम कशाने करतात? हाताने. हात आणि पंख. पडवीत अडकलेलं ते वटवाघूळ आठवतं? मी टॉवेलात धरलं होतं आणि तू बॅटरी मारत होतीस. एक पंख बाहेर निसटला तेव्हा छत्रीच्या काड्यांसारखी लांब बोटं दिसली, मधे ताणलेलं कातडं आणि वरच्या कडेला इवलासा अंगठा. ‘बाबा, याला हात आहे,’ असं तूच ओरडली होतीस. सात वर्षांची असताना उत्तर दिलं होतंस, बाई!

शब्द कुठे तोडायचा हे कळलं की निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी त्याच तुकड्याचा आणखी एखादा शब्द आठवावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा अगदीच भलत्या ठिकाणी ऐकलेला असतो.

जाता जाता एक गंमत. या ‘प्टेर’चं संस्कृतातलं भावंड कोण, सांग. ‘पत्र’! पत्‌ म्हणजे उडणं, त्यातूनच पतंग. पत्र म्हणजे आधी पंख किंवा पीस, मग झाडाचं पान आणि मग पानावर लिहून धाडलेला मजकूर. म्हणजे हेलिकॉप्टर आणि हातातला हा कागद लांबचे का होईना, नातेवाईक आहेत.

आईने चिवडा मावशीजवळ दिलाय, ती शनिवारी तिकडे येतेय. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझा,
बाबा